चार दिसांनी येईल

प्रीतमचा फोन आला तेव्हा अपेक्षा नुकतीच कर्जत डेपोतून पळसदरीला घरी पोचली होती. अंगावर अजून कंडक्टरचा खाकी ड्रेस होता. पायातले बूट काढता काढता तिनं फोन कानाला लावला.

"ताई, एक काम व्हतं," तिचा मामेभाऊ अडखळत म्हणाला. मग त्यानं भराभर सगळं सांगून टाकलं. कुंभिवलीचं जुनं घर घरकुलासाठी पाडलं होतं. नवं उभं राहायला तीन महिने तरी लागणार. नेरळला त्याचा एका खोलीचा फ्लॅट. बायकोला, जयाला, डॉक्टरांनी सातव्या महिन्यातच झोपून राहायला सांगितलेलं, म्हणून तिची आई येऊन राहिलेली. "आईला कुठं ठेवू, सांग. धा जागी विचारलं. तात्पुरतंच हाय गं."

"आण माझ्याकडे," अपेक्षा म्हणाली.

प्रीतमनं विनवण्या करायची तयारी ठेवली असावी. "खरंच?"

"रविवारी आण. मी घरी असते."

नरेश, तिचा नवरा, चहा पीत समोर बसला होता. त्यानं कप खाली ठेवला. "पारूमामी? इथं? अगं, मामांच्या मयताला गेलीस तेव्हा तू तिच्या उंबऱ्याच्या आत पाय नव्हता टाकला."

"म्हणून तर म्हटलं, तिलाच इथं येऊ दे."

नरेशला एवढंच ठाऊक होतं, की बाप वारल्यावर अपेक्षाला शाळेसाठी मामाकडे ठेवलं होतं, दोन वर्षं, आणि ती दोन वर्षं चांगली गेली नव्हती. त्याच्या पलीकडे तिनं कधी काही सांगितलं नव्हतं. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं तेव्हाही काही विचारलं नाही.

रविवारी प्रीतम आईला रिक्षानं घेऊन आला. पारूबाई आता सहासष्टची होती. गुडघे गेलेले, अंग सुकलेलं, पण मान तशीच ताठ. दोन पिशव्या, एक पत्र्याची पेटी आणि मांडीवर लुगड्यात गुंडाळलेला बाबासाहेबांचा फोटो. तो तिनं रिक्षावाल्याच्या हातात दिला नव्हता. प्रीतम चहा घेऊन, दोनदा "ताई, तुझे लय उपकार" म्हणून निघून गेला.

तो फाट्यापर्यंत पोचेल एवढा वेळ अपेक्षा थांबली. मग तिनं मामीला स्वयंपाकघरापलीकडच्या पडवीत नेलं. तिथं मोरी होती आणि भिंतीला लागून एक चटई अंथरलेली होती. बारा वर्षांची सानवी आईच्या मागे मागे आली.

"मामी, इथं राहायचं तर घराचे काही नियम आहेत," अपेक्षा म्हणाली. "आत्ताच सांगते, म्हणजे मागनं बोल नको."

"सांग की."

"पहाटे पाचला उठायचं. आंघोळ गार पाण्यानं, सगळ्यांच्या आधी. पलंगावर, खुर्चीवर बसायचं नाय. डब्यांना हात लावायचा नाय. सगळ्यांचं जेवून झालं की उरलेलं जेवायचं आणि सगळ्यांची भांडी घासायची. टीव्ही बघायचा तर दारात उभं राहून. आणि पाव्हणं आलं की बाहेरच्या खोलीत यायचं नाय. बोलावलं तरच."

तिनं हे कुठं बघून वाचलं नाही. अडखळलीही नाही. ज्या क्रमानं तिला बाराव्या वर्षी सांगितलं गेलं होतं त्याच क्रमानं सांगितलं. शेवटचा एक तिनं पदरचा घातला : मामीचा मोबाईल अपेक्षाच्या कपाटात राहील, प्रीतमशी बोलायचं तर अपेक्षाच्या फोनवरून.

ती मामीच्या तोंडाकडे बघत होती. कुठं काही हलतंय का, ओळख पटतेय का, शरम नाही तर निदान राग तरी. पारूबाईनं मान डोलावली. "बरं. घर तुझं हाय." कनवटीचा मोबाईल काढून तिनं अपेक्षाच्या हातात दिला आणि चटईवर बसून पिशवी सोडायला लागली.

"आई, हे नियम कुठनं काढलेस तू?" आत आल्यावर सानवीनं विचारलं.

"होते एका घरात," अपेक्षा म्हणाली.

पहिला आठवडा नरेशनं सहन केला. त्याला वाटलं, राग आहे, उतरेल. मग एका सकाळी त्यानं पडवीतून नळाचा आवाज ऐकला. म्हातारी गार पाण्यानं आंघोळ करून कुडकुडत लुगडं पिळत होती. जानेवारी होता. राजमाचीच्या बाजूनं येणारं वारं थेट पडवीत घुसत होतं.

"अपेक्षा, गिझर आहे आपल्याकडे," तो म्हणाला.

"माहितीय."

"तिला काही झालं तर?"

"मला झालं नव्हतं."

त्या दिवसापासून तो सकाळी अपेक्षा ड्युटीवर गेली की बादलीभर गरम पाणी पडवीत नेऊन ठेवायचा. पण तोवर पारूबाईची आंघोळ झालेली असायची. "ऱ्हाऊ दे, जावई," ती म्हणायची. "तिला कळलं तर तुमाला बोलंल."

अपेक्षाला जे हवं होतं ते मात्र मिळत नव्हतं. मामी कण्हत नव्हती, कुरकुरत नव्हती. गुडघे दुखत असूनही उकिडवी बसून पातेली लख्ख घासत होती. टीव्ही लागला की दाराच्या चौकटीला टेकून उभी राहत होती, जाहिराती लागल्या की मुकाट्यानं मागे जात होती. जणू आयुष्यभर हेच करत आली होती. अपेक्षानं मुद्दाम भाजीत मीठ कमी घातलं, एकदा भाकरी एकच उरवली. "पोट भरलं," मामी म्हणाली.

एक दिवस अपेक्षा दुपारी घरी आली, तर शेजारची पदूची आई कुंपणापाशी उभी होती आणि मामी पडवीतून तिच्याशी बोलत होती. अपेक्षाला यायला उशीर आहे असं तिला वाटलं असावं.

"भाची लय शिस्तीची हाय बाई," मामी सांगत होती. "कुठं काय सांडलेलं दिसायचं नाय. माझ्याच हाताखाली तयार झाली ना ती. दोन वरसं माझ्याकडं व्हती. तवाच वळण लागलं."

अपेक्षा दारातच थांबली. हातातली पिशवी तिनं इतकी आवळून धरली की तिचा बंद तळव्यात रुतला. म्हणजे या बाईला काही आठवतच नव्हतं. किंवा आठवत होतं, आणि ते तिला चांगलं म्हणून आठवत होतं. सव्वीस वर्षं जे अपेक्षानं उराशी धरलं, ते या बाईच्या लेखी वळण होतं.

त्या दोन वर्षांत एक दिवस होता. तो अपेक्षानं नरेशलाही सांगितला नव्हता.

सहावीची परीक्षा संपून मे महिना लागला होता. सगळी पोरं आपापल्या गावी गेली. अपेक्षाला मामीनं सोडलं नाही. पापड-कुरडयांचं काम होतं, प्रीतम लहान होता. त्याच आठवड्यात स्टोव्हवरचं चिकाचं पातेलं उतरवताना अपेक्षाचे दोन्ही तळवे भाजले होते. मामीनं फडकी बांधली आणि कामाला लावली. मामा कारखान्यात वॉचमन होता, बारा बारा तासांची ड्युटी करून यायचा आणि झोपायचा.

पोर सुट्टीत आली नाही म्हणून अपेक्षाची आई कशेळ्याकडच्या वाडीतून निघाली. कर्जतपर्यंत एक गाडी, तिथून खोपोली, मग हायवेला उतरून उन्हातान्हात चालत कुंभिवली. अपेक्षा मागच्या बाजूला होती. दारातून तिला आईचा आवाज आला. ती धावली आणि मधल्या दारापाशी थांबली. पाव्हणं आलं की बाहेर यायचं नाय. मामी बोलावेल, असं तिला वाटलं. आई म्हणजे काही पाव्हणी नाही, पण मामीचा नियम मोडला की काय होतं तेही तिला माहीत होतं.

"वन्सं, पोर नाय घरात," मामी म्हणत होती. "आमच्या शेजाऱ्यांसंगं लग्नाला धाडली उरणला. चार दिसांनी येईल."

"चार दिसांनी?" आई म्हणाली. "बरं वैनी. मला काय चार दिस ऱ्हायाला जमायचं नाय. भाताची आवणी झाली की येते. ही करवंदं हायेत, तिला द्या."

दाराच्या फटीतून अपेक्षाला आईचे पाय दिसले. धुळीनं पांढरे झालेले, एका चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला. ते पाय वळले आणि गेले.

करवंदं प्रीतमनं खाल्ली. आवणी झाली नाही. जुलैत चिखलात लावणी करताना आईला पान लागलं, साप डसला. दवाखान्यात न्यायला कशेळ्यापर्यंत गाडी मिळेतो सगळं संपलं होतं. अपेक्षाला नेलं तेव्हा आईच्या अंगावर पांढरी चादर होती. तळव्यांवरचे फोड तोवर बरे झाले होते.

मार्चच्या दुसऱ्या रविवारची दुपार. नरेश ओव्हरटाईमला गेला होता, सानवी मैत्रिणीकडे. अपेक्षा फोन चार्जिंगला लावून पडली होती. मामी पडवीत भांडी घासत होती.

दारात मोटरसायकल थांबली. प्रीतम आत आला तो हसतच. हातात पेढ्यांचा बॉक्स.

"ताई, फोन का उचलत नाय गं? काल सांजच्याला मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत. आईला घ्यायला आलो. चल म्हणावं, नात बघायला."

मधल्या दारापलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

अपेक्षानं नंतर नरेशला शपथेवर सांगितलं की तिनं आधीपासून काही ठरवलं नव्हतं. मूल कधी होणार, प्रीतम कधी येणार, तिला काही माहीत नव्हतं. पण तोंड उघडलं आणि वाक्य तयार होतं.

"आई नाय घरात," ती म्हणाली. "शेजारच्या बायांसंगं महाडला गेलीय. चार दिसांनी येईल."

"महाडला? मला बोलली नाय."

"एकदम ठरलं."

प्रीतमचा चेहरा पडला. पण तो स्वभावानं साधा होता. "बरं झालं, चवदार तळं बघायला तिला जायचंच व्हतं कधीचं. आली की सांग. फोन तरी हाय का तिच्याकडं?"

"इथंच राहिला, कपाटात."

मधल्या दाराच्या कडेला सुकलेली बोटं दिसत होती. चौकटीला धरलेली, राखेनं माखलेली. अपेक्षा त्यांच्याकडे बघत होती आणि प्रीतमची पाठ तिकडे होती. एक हाक पुरली असती. मामी आता ओरडेल, अपेक्षाला वाटलं. ओरडू दे. ओरडली तर मी सगळं याच्यासमोर बोलेन.

बोटं हळूच चौकटीवरून सुटली.

प्रीतम पेढे ठेवून गेला. मोटरसायकलचा आवाज रेल्वे फाटकाकडे जाईपर्यंत अपेक्षा जागची हलली नाही. मग ती मागे गेली. पारूबाई मोरीच्या कट्ट्याशी जमिनीवर बसली होती. नळ चालू होता. अपेक्षानं तो बंद केला.

"म्हंजी वन्सं आल्या तवा तू घरातच व्हतीस," मामी म्हणाली.

अपेक्षा दाराला टेकून उभी राहिली.

"मला वाटलं तू हिरीवर हायस. घागर जाग्यावर नव्हती." मामीचा आवाज बसला होता. "तुला ऐकू आलं व्हतं?"

"मी दारामागं होते. मी तिचे पाय बघितले, मामी."

"मंग बाहेर का नाय आलीस गं?"

हे ऐकून अपेक्षाच्या कानशिलात रक्त चढलं. आजवर ती मामीला 'तुमी' म्हणत होती. "का नाय आले? तूच विचारतेस? आज तू का नाय आलीस? तुझा तर पोटचा लेक आला होता. सहासष्ट वर्षांची बाई आहेस, तुला मी मारणार होते का?"

मामीनं लुगड्याच्या पदरानं हात पुसले, एकेक बोट. बराच वेळ पुसत राहिली.

"तुझे हात भाजलेले व्हते," ती म्हणाली. "वन्संनी बघितले असते तर तुला घेऊन गेल्या असत्या. तुझ्या मामानं मला जित्ती ठेवली नसती. म्हनून बोलले. चार दिसांत फोड सुकतील, मंग बोलावून घेऊ, असं वाटलं. मंग कामात ऱ्हायलं. मंग ती गेलीच." ती थांबली. "तुझ्या मामाला मी शेवटपातूर सांगितलं नाय. मला वाटायचं, ही गोष्ट जगात माझ्या एकलीलाच ठावी हाय."

"दोघींना ठावी होती."

"माफी मागू का तुझी?"

"नको," अपेक्षा म्हणाली. "मागितलीस तर मला काहीतरी बोलावं लागेल. मला काय बोलायचं नाय."

ती आत गेली आणि पेढ्यांचा बॉक्स न उघडता फ्रीजवर ठेवला. छातीत काहीतरी सैल झालं होतं, हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही. तिला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी नरेशला प्रीतमचा फोन आला. महाडवरून काही निरोप आला का, त्यानं विचारलं. नरेश संध्याकाळी घरी आला तो थेट पडवीत गेला, मामी भिंतीशी बसलेली बघितली, आणि मागे वळला.

"हे काय केलंस तू? तिला नात झालीय!"

"हो."

"माणूस आहेस का कोण आहेस?"

तेव्हा अपेक्षानं त्याला सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, कणीक मळता मळता, एकदाही आवाज न चढवता. नरेश खाली बसला. सानवी दारात कधी येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नाही. ती पडवीत जाऊन मामीकडे जरा वेळ बघत राहिली आणि परत आली.

"झालं ते वाईटच," नरेश शेवटी म्हणाला. "पण पोर लहान आहे, म्हातारीचा काय भरवसा. मी आत्ता गाडीवर नेऊन सोडतो तिला नेरळला."

"ने. मी अडवत नाय."

तो पडवीत गेला. "चला मामी, चप्पल घाला."

पारूबाईनं मान हलवली. "चार दिस म्हनलीय ती. चार दिस होऊं द्या."

"अहो, ती रागात बोलली."

"रागातच बोलली. मी तवा भीतीपोटी बोलले, पन बोललेच ना? ऱ्हाऊ द्या, जावई. दोन झाले, दोन ऱ्हायले."

अपेक्षाला आतून ते ऐकू आलं. मामीनं शिक्षा अशी घेतली याचाही तिला राग आला. निदान ती रडायला हवी होती, शिव्या द्यायला हव्या होत्या. पण तिनं बाहेर जाऊन 'जा' म्हटलं नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. मामी पाचला उठली, गार पाण्यानं न्हायली, भांडी घासली. पेढा कुणीच खाल्ला नाही. एकदा फक्त, अपेक्षा ड्युटीला निघताना, मामी म्हणाली, "नाव काय ठेवणार काय बोलला का गं प्रीतम?"

"नाय बोलला," अपेक्षा म्हणाली आणि निघाली. दिवसभर गाडीत तिकिटं फाडताना तिला वाटत होतं की आईनं तरी चार दिवस मोजले असतील का. शेतावर जाताना, चुलीपुढे बसल्यावर. आज पोर लग्नाहून आली असेल, आज करवंदं खाल्ली असतील.

गुरुवारी सकाळी नरेशनं रजा टाकली. मामीची पेटी, पिशव्या, फोटो रिक्षात ठेवला. अपेक्षानं कपाटातून मोबाईल काढून दिला. मामीनं तो घेतला, उंबऱ्यावर थांबली, पण अपेक्षाच्या तोंडाकडे बघून पायरी उतरली.

नेरळला पोचल्यावर तिनं नात मांडीवर घ्यायच्या आधी प्रीतमला बाहेरच्या गॅलरीत बोलावलं आणि सांगितलं. आपण महाडला गेलो नव्हतो. आपण दाराआडच होतो. आणि का होतो. नरेश तिथंच उभा होता. त्यानंच नंतर अपेक्षाला सांगितलं. म्हातारीनं स्वतःची बाजू एका शब्दानं घेतली नाही, म्हणे. प्रीतम आधी अपेक्षाला फाडफाड बोलायला निघाला होता, मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई," तो म्हणाला. पलीकडे बाळ रडत होतं. "मला फक्त एवढं आठवतं, की करवंदं लय गोड व्हती." मग त्यानं फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. अपेक्षानंही केला नाही.

तिला वाटलं होतं आता हलकं वाटेल. वाटलंही, दोन दिवस. ती दोन दिवस पडल्या पडल्या झोपली, डेपोत हसली, सानवीला शेवयांची खीर करून दिली. तिसऱ्या दिवशी पडवीतली चटई गुंडाळताना तिच्या लक्षात आलं की प्रीतमला परत येता आलं, त्याची आई त्याला भेटली. तिनं कितीही दिवस मोजून घेतले असते तरी हिशोब जुळणार नव्हता. याचं दुःख झालं, पण केल्याचा पश्चात्ताप झाला नाही. सानवीनं एकदा विचारलं, "आई, मामीआजी परत आली तर गरम पाणी देशील?" अपेक्षानं बराच विचार केला. "गरम पाणी देईन," ती म्हणाली. "बाकी काय नाय."

कुंभिवलीचं घर एप्रिलअखेर पुरं झालं. गृहप्रवेशाला बुद्धवंदना आणि जेवण ठेवलं होतं. पारूबाईनं नरेशला स्वतः फोन करून तिघांना बोलावलं. अपेक्षानं त्या दिवशीची रजा मागितली नाही. उलट खोपोलीवरून खालापूरला जाणाऱ्या गाडीची ड्युटी तिच्या वाट्याला आली होती, ती तिनं बदलून घेतली नाही. नरेश आणि सानवी मोटरसायकलनं पुढं गेले.

खोपोलीला गाडीत पाच नातेवाईक चढले. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट. त्यातली एक मावशी अपेक्षाला बघून थबकली.

"अगं, तू ड्रेसवरच? कार्यक्रमाला नाय येत?"

"ड्युटी हाय, मावशी."

"घडीभर उतर की. गाडी कुठं पळून जातेय? पारू तुझी वाट बघंल."

"बघू दे," अपेक्षा म्हणाली आणि कुंभिवली फाट्याची पाच तिकिटं काढून तिच्या हातात दिली.

फाट्यावर गाडी थांबली. सगळे उतरले. आत वस्तीच्या बाजूला नव्या घराचा निळा रंग झाडांमधून दिसत होता आणि लाऊडस्पीकरवरून वंदनेचे सूर येत होते. उतरणारी मावशी एकदा मागे वळली. अपेक्षानं दार ओढून घेतलं आणि दोनदा घंटी मारली.